मामूंची बेस गिटार

जानेवारीत मुमानींचा फोन आला. सातपूर कॉलनीतल्या घराचे पत्रे बदलायचे होते, त्याआधी माळा रिकामा करायचा होता. मामूंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तोवर त्या माळ्यावर कुणी चढलं नव्हतं. मी गेलो. वरून पितळी हंडे निघाले, लग्नातल्या दोन ट्रंका निघाल्या, कंपनीच्या बोनसच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. सगळ्यात मागे भिंतीला टेकवलेली एक लांबलचक काळी रेक्झिनची पेटी होती.

मामू सातपूरच्या एका स्विचगिअर कारखान्यात फिटर होते. आठवडाभर पाळ्या करायच्या आणि शनिवारी रात्री ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची, हे त्यांनी सतरा-अठरा वर्षं केलं. मी लहानपणी दोन-तीन कार्यक्रमांना गेलो आहे. मंचावर मामू सगळ्यात मागे, ड्रमवाल्याच्या शेजारी उभे असत आणि मला त्यांचं वाजवणं मुळीच ऐकू येत नसे. कार्यक्रम संपल्यावर लोक विचारत, "तुम्ही नेमकं काय वाजवता?" मामू म्हणत, "मी थांबलो की कळेल."

पेटी उघडली. चार तारांपैकी एक तुटलेली, बाकीच्या तीन गंजून तपकिरी. नेक पुढच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली. मागच्या पट्टीवर 'मेड इन जपान' एवढंच वाचता येत होतं. डोक्यावरचं कंपनीचं नाव कधीकाळी कुणीतरी खरवडून टाकलेलं. ॲम्प्लिफायरला लावली तर घरघर आली, सूर आला नाही.

माझा मामेभाऊ म्हणाला, भंगारात दे. गेल्या काही वर्षांत तो गाण्याबजावण्यापासून पूर्ण लांब गेला आहे आणि वडिलांच्या या शनिवारांबद्दल बोलणं त्याला आवडत नाही. त्याचा राग समजतो मला. मामू शनिवारी घरी नसत, आणि वाट बघणाऱ्यांत तो होता, मी नव्हतो. मुमानींनी त्याचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बेटा, तू दुरुस्त करून विक. चालू करून वीक. आणि घेणाऱ्याला जे जे खराब होतं ते सगळं सांग. लपवून एक पैसा नको."

शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानात नेली. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाला, यावर खर्च करू नका, नवीन घ्या. त्याचंही चूक नव्हतं. आज नवीन बेस हप्त्यावर मिळते. पण या नकारामुळे मी या वाद्याबद्दल वाचायला लागलो आणि जे सापडलं त्याने थोडा चकित झालो.

बेस गिटार हे वाद्य ज्याने जगाला दिलं तो माणूस दुरुस्ती करणारा होता. लिओ फेंडर, जन्म १९०९, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा. १९३८ मध्ये त्याने तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक रेडिओ आणायचे, मग ॲम्प्लिफायर आणायला लागले, मग वादक आपली गिटारच घेऊन येऊ लागले. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, शेवटपर्यंत आली नाही. त्याला समजायचं ते हे की वस्तू कुठे मोडते आणि का मोडते.

त्या काळी बँडमध्ये खर्जाचं काम डबल बेसकडे होतं. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं धरून वाजवायचं ते वाद्य. गाडीत मावत नाही, ओलाव्याने फुगतं, ट्रम्पेट आणि ड्रमच्या गोंगाटात ऐकू येत नाही. त्याला पडदे नसल्यामुळे बोट केसभर सरकलं की सूर हलतो. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच आडवी धरायची, पडदे असलेली विजेवरची बेस करून विकली होती. पण तिची फार कुणी दखल घेतली नाही. १९५१ मध्ये फेंडरने आपली बेस बाजारात आणली आणि तिला 'प्रिसिजन' नाव दिलं. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला हा शब्द वेगळा समजवावा लागत नाही.

मला जास्त आवडली ती तिची मान. सतारीची किंवा व्हायोलिनची मान सरसाने कायमची चिकटवलेली असते. फेंडरच्या गिटारची मान चार स्क्रूंनी बॉडीला बसवलेली असते. बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. संगीतातल्या जुन्या कारागिरांना ही चेष्टा वाटली असेल. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मोडकी यंत्रं उघडली, तो स्वतः यंत्र करताना ते उघडता येईल असंच करणार.

१९६५ मध्ये तब्येतीच्या कारणाने फेंडरने आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. तेव्हापासून जुन्या वाद्यांच्या बाजारात 'प्री-सीबीएस' ही एक जातच तयार झाली. त्या विक्रीच्या आधीची गिटार, मूळ रंगाची, मूळ पिकअपची, मूळ स्क्रूची असेल तर भाव कुठल्या कुठे जातो. दुरुस्त केली की किंमत उतरते. दुरुस्त करता यावी म्हणून जी घडवली, ती कुणीही हात न लावलेली असावी असा बाजाराचा हट्ट. ओरिजिनलचा हा नाद मला कधी झेपला नाही.

मामूंची गिटार माळ्यावर सापडली म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस घेतली होती. १९७२ मध्ये लंडनमध्ये ती एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नासहून अधिक वर्षं पत्ता नव्हता. सापडली ती इंग्लंडच्या दक्षिणेला एका घराच्या माळ्यावर. २०२४ मध्ये बातमी जाहीर झाली, तिचीही दुरुस्ती करावी लागली. माळे सगळीकडे सारखेच.

आता मुंबई. फेंडरची बेस आली त्याच १९५१ साली भगवानदादांचा 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या माणसाचं. त्यातल्या नाचगाण्यात पडद्यावर जो बँड दिसतो तो चिक चॉकलेट यांचा. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचे, ट्रम्पेट वाजवत. त्या काळच्या स्टुडिओत आणि हॉटेलांत खर्ज धरायला डबल बेसच असायचा. तो वाजवणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आलेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांची वाद्यरचना लिहिली. पाटीवर मात्र नाव संगीतकाराचं.

बेस गिटार स्टुडिओत रुजली ती साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. तुम्ही त्या काळची गाणी हेडफोन लावून ऐका. गायक बाजूला ठेवा, तबला बाजूला ठेवा, खाली जी चालते आहे ती ओळ ऐका. गाणं तिच्या खांद्यावर आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर ते नाव छापलेलं नसे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांना भेटून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं, ते २००८ मध्ये आलं. तोवर बरेच वादक जग सोडून गेलेले.

सातपूरला ही ओळ पोचली ती कारखान्यांमार्गे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्र्यंबक रोडच्या कडेचं सातपूर बघता बघता औद्योगिक वसाहत झालं. मायको आली, सिएट आली, महिंद्रा आली, त्यांच्याभोवती शेकडो लहान शेड उभ्या राहिल्या. खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून पोरं आली, आयटीआय करून पाळीला लागली. महिन्याला ठरलेला पगार आला की माणसाला शनिवार मिळतो. शनिवार मिळाला की ऑर्केस्ट्रा होतो. कामगारांच्या वसाहतीत गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, कंपनीचा वार्षिक दिन, सगळीकडे मंच बांधलेला असायचा आणि मंचावर हुबेहूब रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे अशी अपेक्षा असायची. हुबेहूब वाजवायचं तर बेस लागणारच.

पण बेस आणायची कुठून? १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणणं म्हणजे परवाना, जबर जकात आणि ओळखी. देशी म्हणाल तर कलकत्त्याच्या गिटारी मिळत, गिवसनसारख्या. बाकी सगळा व्यवहार हातोहात. कुणी खलाशी घेऊन यायचा, कुणी आखातातून परतताना आणायचा, मुंबईचा एखादा वादक जुनी काढायचा आणि ती पुणे, नाशिक, सोलापूर असा प्रवास करायची. मामूंची जपानी बेस त्यांच्याकडे आली तेव्हाच सेकंडहँड होती. १९७९ मध्ये मुंबईच्या एका वादकाकडून घेतली, दोन हप्त्यांत पैसे दिले, एवढं मुमानींना आठवतं, कारण त्या दिवाळीला त्यांची साडी राहिली होती. साठ-सत्तरच्या दशकांत जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या नकला मोठ्या संख्येने करत होते. डोक्यावरचं नाव कुणी आणि का खरवडलं असेल, तेवढं तुम्हीच ताडा.

जपानहून आपल्याकडे आलेलं हे पहिलं तारवाद्य नव्हे, बरं का. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य केलं. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार दाबली जाते. ते आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं, महाराष्ट्रात त्याला बँजो म्हणू लागले. अमेरिकन बँजोला चामडं असतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मग आपल्या पोरांनी त्यात पिकअप बसवलं, वायर ॲम्प्लिफायरला जोडली, गळ्यात अडकवलं, आणि मुंबई-कोकणच्या मिरवणुकांत बँजो पार्ट्या निघाल्या. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी त्यावर सिनेमाही काढला. हे जे पिकअप बसवणं आहे, ते कुठल्या संगीत विद्यालयात शिकवलं गेलं नाही. ज्याला डेक दुरुस्त करता येतो, पंख्याची मोटर भरता येते, त्याने ते केलं.

हे लक्षात आल्यावर मी गिटार घेऊन वाद्यांच्या दुकानांऐवजी एमआयडीसीत गेलो.

पिकअप काय असतं ते दोन वाक्यांत सांगतो. लोहचुंबकाभोवती तांब्याची अतिशय बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, सातपूरमधली निम्मी वसाहत ज्यावर पोट भरते तेच. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, तर वीजही तितक्याच वेळा उलटसुलट होते. ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. म्हणजे मामू ज्या कॉइलवर दिवसा कारखान्यात काम करत, तसलीच एक कॉइल शनिवारी गळ्यात अडकवून उभे राहत. त्यांच्या हे कधी मनात आलं होतं का, विचारायचं राहिलं.

रिले आणि काँटॅक्टरच्या कॉइल भरून देणारी एक छोटी शेड आहे. मालक मामूंच्या ओळखीतला निघाला. त्याने मीटर लावला, काटा हलला नाही. "ओपन आहे. आत तार तुटलीय. हिरवी पडलीय बघा." नाशिकच्या पावसाने तांबं खाल्लं होतं. नवीन भरायची तर जुने फेरे किती होते ते कळायला हवं. सोडवून मोजता येईना, तार हातात तुकडे होऊन येत होती. त्याने सगळी काढून काट्यावर वजन केलं. बत्तीस-तेहतीस ग्रॅम. कागदावर गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाला, आठ हजारांच्या घरात फेरे, लांबी किलोमीटरच्या वर. तळहाताएवढ्या डबीत किलोमीटरभर तार! रिलेसाठी वापरतात ती शंभरातल्या सहा भाग मिलिमीटर जाडीची इनॅमलची तार त्याच्याकडे होतीच. माणसाचा केसही त्याहून बारीक क्वचितच असतो.

पहिल्यांदा तीन हजारांवर तार तुटली. दुसऱ्यांदा पाच हजारांवर. मशीनचा ताण रिलेच्या गोल बॉबिनसाठी ठरवलेला होता आणि पिकअपची बॉबिन लांबट, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला तारेला दोनदा हिसका बसत होता. तिसऱ्या वेळी त्याने वेग अर्ध्यावर आणला आणि स्वतः बोटांच्या चिमटीतून तार सोडत बसला. पाऊण तास. मीटरवर साडेसहा हजार ओहम आले. लावून पाहिली तर आवाज आला आणि सोबत एक शिट्टीही आली, कारण सैल फेरे आतल्या आत थरथरत होते. त्यावर उपाय मेणाचा. मुमानींच्या स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात डबा, डब्यात पांढऱ्या मेणबत्त्या वितळवल्या आणि पिकअप बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवलं. मामेभाऊ पाणी प्यायला आत आला, काय चाललंय ते पाहिलं, काही न बोलता गेला.

नेकचं काम वेगळं. चार तारांचा एकत्र ताण सत्तर-ऐंशी किलो असतो, म्हणजे एक जवान माणूस मानेला कायम लटकलेला. त्याला तोंड द्यायला मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. तिचा नट गंजून बसला होता. जोर केला असता तर सळई पिळून तुटली असती आणि खेळ संपला असता. गंज सोडवायचं तेल टाकून आठ दिवस रोज थोडं थोडं फिरवलं. पडदे झिजले होते ते एका पॅटर्नमेकरने फाइल मारून एका पातळीत आणले. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे करणारा कारागीर. हाताने लाकडात केसभराचा फरक ओळखणारी ही जमात आता संगणकामुळे कमी होत चालली आहे. त्याने पोलादी पट्टी पडद्यांवर ठेवली, खालून येणारा उजेड पाहिला आणि म्हणाला, "हे तर सरफेस प्लेटचंच काम आहे." आयुष्यात पहिल्यांदा तो गिटारला हात लावत होता.

आणि इथे मला मिरज आठवल्याशिवाय राहिलं नाही.

मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर जातो हे तुम्हाला ठाऊक असेल. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती घडवणारी घराणी मुळात संगीताची नाहीत. ते शिकलगार. सैकल म्हणजे धातूला चकाकी देणं, अरबीतला शब्द. त्यावरून सैकलगर, त्यावरून शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी घडवायच्या आणि त्यांना धार द्यायची हा धंदा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कंपनी सरकारचा अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा आटल्या, शस्त्रांना गिऱ्हाईक राहिलं नाही. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान, तिथे गाणंबजावणं होतं. वाद्यं उत्तरेकडून यायची आणि मोडली की दुरुस्तीला परत तिकडे पाठवायला महिने जायचे. तेव्हा इथल्याच हुशार कारागिराला विचारलं गेलं, तू बघतोस का? असं सांगतात. फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने ते काम हाती घेतलं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. आधी दुरुस्ती केली. उघडून उघडून आतली रचना कळली, मग स्वतः करू लागले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. भोपळा सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठावरून येतो. हस्तिदंताची नक्षी गेली, प्लास्टिकची आली. पण जवारी अजून हातानेच निघते. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसून असा उतार द्यायचा की तार त्यावर किंचित घासत राहावी आणि सूर फुलावा. धार लावणाऱ्याचा हात लागतो त्याला. पात्याचा कोन आणि घोडीचा कोन यांत फार अंतर नसावं.

फुलर्टनचा रेडिओवाला १९३८ मध्ये ज्या वाटेने गेला, तीच वाट मिरजेचे शिकलगार त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी चालून गेले होते. एकाच्या हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्याच्या हातात कानस. दोघंही वाद्यापाशी आले ते मागच्या दाराने, मोडलेलं नीट करायला.

मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. वाद्य दुरुस्तीत त्यांचाही हात चांगला होता, तानपुऱ्याची जवारी ते स्वतः लावत. १९३७ मध्ये ते वारले, मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गाणं होतं. नाशिकचंही एक नातं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले, उत्तर आयुष्यात नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात राहिले आणि १९३१ मध्ये त्यांनी देह ठेवला तो मिरजेत. हे मी मामेभावाला सांगायला गेलो नाही. दर्ग्याच्या आवारातल्या गाण्याबद्दल त्याचं काय मत असेल ते मला माहीत आहे आणि वडिलांच्या गिटारवरून आम्ही दोघांनी तो वाद काढावा असं मला वाटलं नाही.

मामूंनी वाजवणं सोडलं ते मात्र धर्मामुळे नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घरात आता तसं सांगितलं जातं. १९८० मध्ये कॅसिओने घरगुती इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणले. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे कीबोर्ड आले की डाव्या हाताने एक सूर दाबला की बेस आपोआप वाजते. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड आला, त्याने तालवाद्यांची निम्मी माणसं कमी केली. ऑर्केस्ट्राच्या मालकाने हिशेब केला: सातऐवजी चार माणसं, एक जीप कमी. पहिला गेला तो बेसवाला, कारण तो गेला तरी श्रोत्यांना कळत नव्हतं. मामूंचा विनोद उलटा झाला. १९९६ च्या गणपतीनंतर त्यांना बोलावणं आलं नाही. ते थांबले, आणि कुणालाच कळलं नाही. पुढे चार माणसंही गेली आणि डीजे आला. नमाज त्यांनी कधीच सोडली नव्हती, तेव्हाही आणि नंतरही.

मार्चमध्ये गिटार तयार झाली. नव्या तारा चौदाशेला, वाइंडिंगचे पाचशे, जॅक आणि पॉट मिळून दोनशे, पॅटर्नमेकरने चहापाण्याचे म्हणून दोनशे घेतले. एकूण २,३००. गिऱ्हाईक दूरचं नव्हतं. सातपूरचाच एक तरुण, अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो आणि भीमगीतांच्या पार्टीत वाजवतो. १४ एप्रिल जवळ आली होती. त्यांच्याकडे कीबोर्ड होता, पण त्याला, त्याच्याच शब्दांत, "खाली खरी माणसाची बोटं" हवी होती.

मुमानींसमोरच सौदा झाला. मी चिठ्ठी लिहून नेली होती. पिकअप नव्याने भरलेलं आहे, मूळ नाही. नेक वाकलेली होती, सरळ केली, पावसाळ्यात पुन्हा पाहावी लागेल. तिसऱ्या तारेची चावी दुसऱ्या गिटारची. कंपनी कोणती ते सांगता येत नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहिला आणि व्यापाऱ्याला विचारलं की ओलं वर का ठेवलं नाहीस, ही पैगंबरांची हकिकत मुमानी आम्हाला लहानपणापासून सांगत आल्या. म्हणून ओलं सगळं वर ठेवलं. मी बारा हजार सांगणार होतो. चिठ्ठी वाचून झाल्यावर तो म्हणाला साडेनऊ, आणि मला त्यावर बोलायला जागा उरली नव्हती.

मग त्याने ॲम्प्लिफायर मागितला. नव्हता. मुमानी म्हणाल्या, असाच वाजव. विजेशिवाय बेस जवळजवळ मुकी असते, त्याने कान लाकडाला लावून वाजवली. मुमानी पुढे झाल्या, तळहात बॉडीवर ठेवला आणि तो थांबेपर्यंत काढला नाही.

९,५०० मधून आधी खर्चाचे २,३०० गेले. देणं आधी, वारसा नंतर. उरले ७,२००. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे मुमानींचे ९००. उरलेल्या ६,३०० मध्ये दोन मुलींचे प्रत्येकी १,५७५ आणि मुलाचे ३,१५०. बहिणींनी आपापलं नेलं. मामेभावाने पैसे घेतले नाहीत आणि परतही केले नाहीत. पाकीट मुमानींच्या कपाटात, मामूंच्या चष्म्याशेजारी ठेवलेलं आहे.

चौदा तारखेच्या रात्री मिरवणूक कॉलनीतून गेली. मी फोन केला तेव्हा मुमानी गच्चीत होत्या. "ऐकू येतेय का?" मी विचारलं.

"गाडी लांब गेली," त्या म्हणाल्या. "थांब, जिन्यात तो उभा आहे, त्याला विचारते."

मागून मामेभावाचा आवाज आला: "येतेय."